उसाच्या रानातून उडून जाणारे पोते



वार्तापत्राच्या या पानावर आम्ही एरवी शाळेचा हिशेब मांडतो. पटसंख्या, निकाल, देणगीदारांची यादी, छपराची दुरुस्ती. या वेळी मांडतो आहोत तो हिशेब आमच्याच, म्हणजे इथल्या बहुतेक पालकांच्या, घरचा आहे. वार्तापत्र चालवणाऱ्या आमच्या मंडळात शिक्षक आहेत तसे ऊस पिकवणारे माजी विद्यार्थीही आहेत. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते कोणी कोणाला सांगितलेले नाही, आमचे आम्हीच आम्हाला सांगितले आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. नववीच्या वर्गात मातीचा पाठ चालू असताना गुरुजींनी मुलांना घरी विचारून यायला सांगितले : आपल्या उसाला एकरी किती युरिया पडतो? दुसऱ्या दिवशी आलेली उत्तरे अशी : 'शेजारी टाकतो तेवढा.' 'रान काळं दिसेपर्यंत.' 'आबांना ठाऊक.' एका मुलीने सांगितले, 'दुकानात मिळेल तेवढा.' पोत्यांचा नेमका आकडा फार थोड्यांना सांगता आला. त्या आकड्यामागे शिफारस काय होती, हे तर कोणालाच सांगता आले नाही. मुलांना हसण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी जे शेती करतात त्यांचीही उत्तरे याहून फार वेगळी नव्हती.

आता हे पोते जाते कुठे ते पाहू. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे एका पोत्यात जवळपास २१ किलो. त्यातले पिकाच्या मुळाला लागते ते साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. उरलेल्यापैकी थोडे मातीत राहते, थोडे अमोनिया होऊन वर जाते (उघड्यावर फेकलेल्या युरियाचा उग्र वास सगळ्यांनी घेतला आहे, तो हाच), थोडे पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरते. आणि एक छोटासा भाग एका अशा वायूच्या रूपाने निघून जातो, ज्याला ना रंग आहे ना जाणवेल असा वास. नायट्रस ऑक्साइड. जोसेफ प्रीस्टलीने १७७२ मध्ये शोधलेला हा वायू दाताचे डॉक्टर भूल देण्यासाठी वापरतात. हुंगला की माणसाला हसू येते, म्हणून त्याला लाफिंग गॅस हे नाव पडले. रानातून निघतो तेव्हा मात्र त्यात हसण्यासारखे काही नाही.

हा वायू तयार करतात ते जमिनीतले जिवाणू, आणि तेही दोन वेळा. युरिया विरघळला की त्याचा अमोनियम होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्या अमोनियमचे पुढे नायट्रेटकडे रूपांतर करतात. हे काम हवा खेळत्या जमिनीत होते, आणि ते होताना थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. मग पाणी आले आणि मातीतली हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही, तो ते नायट्रेटमधून ओढून घेतात. ही क्रिया शेवटापर्यंत गेली तर उरतो तो साधा नायट्रोजन वायू, जो हवेत मुळातच ७८ टक्के आहे आणि निरुपद्रवी आहे. पण ती अर्ध्यावर थांबली तर बाहेर पडतो नायट्रस ऑक्साइड.

अर्ध्यावर केव्हा थांबते? रान धड वाफशावरही नाही आणि धड चिखलातही नाही, अशा वेळी. भाताच्या पूर्ण बुडालेल्या खाचरात हा वायू तुलनेने कमी निघतो. खानापूरकडच्या भातकऱ्यांचा प्रश्न मिथेनचा, तो पुन्हा केव्हातरी. आमच्या उसाच्या काळ्या रानाची गोष्ट निराळी. पाळी आली की सरी तुडुंब भरायची, मग आठ-पंधरा दिवस वाळू द्यायची, की पुन्हा भरायची. त्यात पाणी पाजण्याच्या आदल्या दिवशी सरीत युरिया फेकलेला. जिवाणूंना याहून चांगले जेवण कोणी वाढू शकत नाही. शेतातला वायू मोजणारे शास्त्रज्ञ जमिनीवर एक पेटी उपडी ठेवतात, ठरावीक मिनिटांनी तिच्यातली हवा सिरिंजने काढतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. अशा मोजमापांत पुन्हा पुन्हा दिसते ते असे, की वर्षभराच्या वायूतला मोठा हिस्सा खत आणि पाणी एकत्र पडल्यानंतरच्या थोड्याच दिवसांत निघून जातो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोटारीची थ्री-फेज वीज रात्री अकराला येणार असेल, तर बापू रात्री अकराला उठून मोटर सुरू करतात, दारे मोडून देतात आणि झोपडीत अंग टाकतात. सापाच्या भीतीने दर तासाला कोण उठेल? पहाटे बघावे तो खालच्या चार सऱ्या गुडघाभर पाण्यात. त्या पाण्याला बापूंचा आळस कारण नाही, विजेचे वेळापत्रक कारण आहे. शहरात बसून 'शेतकरी पाण्याचा अतिवापर करतो' असे लिहिणाऱ्यांनी एकदा मार्गशीर्षातल्या थंडीत पाणी पाजायला यावे. चहा आम्ही देऊ.

तर, हा वायू किती, आणि त्याचे एवढे काय? हवामान बदलावर काम करणारी आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ समिती, आयपीसीसी, अंदाजासाठी असे धरते की टाकलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का थेट नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतो. कोरड्या हवामानात अर्धा टक्का, ओल्या हवामानात दीड टक्क्याच्याही वर. आमच्या पाणी पाजलेल्या रानाला कोरडे म्हणता येणार नाही, तरी एक टक्काच धरू. एका पोत्यातल्या २१ किलो नत्रातून वायू निघतो तो जेमतेम ३०० ग्रॅमच्या थोडा वर. वाटते, एवढ्याशाने काय होते? पण हा वायू शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो आणि हवेत शतकाहून जास्त टिकतो. म्हणजे एका पोत्यामागे जवळजवळ ९० किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलच्या भाषेत ३८ लिटर. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवरून बेळगावहून दोनदा मुंबईला जाऊन यावे, एवढा धूर एका पोत्यातून, आणि तोही कोणाला न दिसता. यात युरिया कारखान्यात तयार करताना जळलेला नैसर्गिक वायू धरलेला नाही.

औद्योगिक युगापूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दर अब्ज भागांत २७० च्या आसपास होते. आता ते ३३५ च्या पुढे गेले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक ताळेबंदानुसार शेतीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड १९८० ते २०२० या चाळीस वर्षांत ६७ टक्क्यांनी वाढला, आणि हा वायू सोडणाऱ्या देशांच्या यादीत चीनच्या पाठोपाठ भारत आहे. ओझोनच्या थराचीही यात गोष्ट आहे. शिमोग्यात जन्मलेले आणि म्हैसूर विद्यापीठात शिकलेले ए. आर. रविशंकर यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवून दिले, की फ्रिजमधल्या जुन्या वायूंवर बंदी आल्यानंतर आता ओझोनला सर्वांत जास्त इजा करणारा, माणसाकडून सोडला जाणारा वायू हाच आहे. १९८७ च्या माँट्रियल करारात त्याच्यावर नियंत्रण नाही. कसे असणार? फ्रिजचा कारखाना बदलता येतो, पण अन्न पिकवणे थांबवता येत नाही.

हे आम्ही विसरलेलो नाही. हाबर आणि बॉश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवेतला नत्र पकडण्याची युक्ती काढली नसती, तर आज हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या ताटात भाकरी नसती. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. 'युरिया विष आहे, बंद करा' अशी भाषणे आमच्या गावातही अधूनमधून होतात. भाषण करणारा बहुधा घरी जाऊन पगारावर जेवतो. युरिया बंद करा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे गरजेपेक्षा जास्त पडणाऱ्या पोत्यांबद्दल आहे, आणि ते ठामपणे आहे.

कारण नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. पिकाला हवा तेवढा नत्र पडला तर मुळे तो उचलतात, जिवाणूंच्या वाट्याला थोडा उरतो. गरजेच्या वर गेलेला प्रत्येक किलो मात्र सगळाच मोकळा पडलेला असतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या संशोधकांनी जगभरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१४ मध्ये हेच दाखवले : नत्र गरजेच्या पुढे गेला की वायू त्या प्रमाणापेक्षा जास्त वेगाने वाढतो. याची दुसरी बाजू आनंदाची आहे. शेवटची दोन पोती कमी केली तर उत्पन्नाला धक्का न लागता सर्वांत जास्त वायू वाचतो. पैसेही तिथेच वाचतात.

मग ती शेवटची दोन पोती पडतात का? आमच्या मते याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे हा अन्याय आहे. युरियाचे पोते आज साधारण २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीएपीचे पोते १,३५० ला. पोटॅशचे त्याहूनही महाग. २०१० मध्ये सरकारने खतांचे अनुदान अन्नद्रव्यांवर ठरवायचे धोरण आणले आणि त्यातून युरिया बाहेर ठेवला. स्फुरद आणि पालाश महागले, युरिया होता तिथेच राहिला. ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत तो महाग खताची कसर स्वस्त खताने भरून काढणार. आम्ही त्याच्या जागी असतो तर हेच केले असते, आणि करतोच. त्यात टंचाई. २०२५ च्या खरिपात कर्नाटकात युरियासाठी रांगा लागल्या होत्या. रांगेत उभे राहून मिळालेले पोते कोणी वेळ पाहून टाकत नाही. मिळाले तेव्हाच टाकून मोकळा होतो. टंचाईमुळे वापर जपून होईल असे वाटते, प्रत्यक्षात उलटे घडते.

आणि तिसरे कारण, ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कारखाना आमच्या उसाला पैसे देतो ते वजनावर. साखरेचा उतारा धरला जातो तो सगळ्या कारखान्याचा सरासरी, माझ्या रानाचा वेगळा नाही. उशिरा आणि जास्त दिलेल्या नत्राने ऊस माजतो, लोळतो, त्याच्या रसातली साखर कमी होते. हे प्रत्येक जाणत्या शेतकऱ्याला माहीत आहे. पण काट्यावर उसाचा रस कोणी तपासत नाही. हिरवागार, काळाभोर दिसणारा प्लॉट बघून पाहुणे मान डोलावतात, आणि ती मान डोलावणेही एक प्रकारची मजुरीच आहे. जोवर काटा फक्त वजन बघतो, तोवर 'युरिया कमी टाका' हा सल्ला आमच्या कानावरून जाणार.

इथेनॉलचेही बोलले पाहिजे, कारण आमच्या भागातल्या मुलांच्या नोकऱ्या आता त्यात आहेत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. ओझोनच्या कामासाठी १९९५ चे नोबेल मिळवणारे पॉल क्रुटझेन यांनी २००८ मध्ये प्रश्न विचारला होता, की इंधनासाठी पीक वाढवताना खतातून जो नायट्रस ऑक्साइड निघतो तो धरला तर फायदा उरतो का? मोहरीवर्गातल्या रेपसीडच्या आणि मक्याच्या बाबतीत त्यांच्या हिशेबात फायदा बहुतेक पुसलाच गेला. उसाच्या बाबतीत उरला. उसाला ही प्रतिष्ठा आहे, पण ती टिकते ती कमी नत्रात जास्त ऊस काढण्यावर. दहा पोती टाकून काढलेल्या उसाच्या इथेनॉलला हिरवे इंधन म्हणताना आपण स्वतःशी तरी खरे बोलावे.

उपाय नवे नाहीत, हे लिहिताना आम्हालाच थोडे ओशाळल्यासारखे झाले. महाराष्ट्रात सुरू उसाला हेक्टरी २५० आणि आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस वर्षानुवर्षे पुस्तिकांत छापलेली आहे. म्हणजे सुरूला एकरी पाच पोत्यांच्या आत, आडसालीला आठच्या आत, आणि त्यातूनही डीएपी किंवा १०:२६:२६ मधून गेलेला नत्र वजा करायचा. तो वजा करायचे आम्ही हमखास विसरतो. हा नत्र चार हप्त्यांत द्यायचा, लागणीला दहावा हिस्सा आणि भरणीच्या वेळी शेवटचा. भरणीनंतर हात आवरायचा. खोडव्याला पहारीने वीतभरापेक्षा कमी खोल भोक पाडून खत मातीआड करायचे, ही पद्धत तर आमच्या वडिलांनी कृषी प्रदर्शनात पाहिली होती. मजूर मिळत नाहीत म्हणून ती मागे पडली, आणि हे कारण खोटे नाही. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी खत पाण्यातून थोडे थोडे द्यावे, त्यात पाट भरण्याचा आणि खत उडण्याचा असे दोन्ही प्रश्न सुटतात. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने जिवाणूंचा वेग थोडा मंदावतो. त्याआधी आमच्या आजोबांची पिढी युरियात निंबोळी पेंड कालवून रात्रभर ठेवत असे. लेप असला तरी दोन पोती जास्त टाकल्यावर तो काय करणार?

पाचट न जाळता सरीत ठेवावे, हे आम्ही मनापासून मानतो. पण तिथेही एक पथ्य आहे. ब्राझीलमधल्या प्रयोगांत असे दिसले, की पाचटाचा थर, त्यावर नत्र आणि डिस्टिलरीचे सांडपाणी असे सगळे एकत्र आले की हा वायू वाढतो. तेव्हा पाचट ठेवा, पण युरिया त्याच्यावरून फेकू नका, खाली मातीत जाऊ द्या.

सरकारकडे आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. युरिया आणि बाकीच्या खतांच्या भावातली ही दरी कमी व्हावी, पण ती शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे. युरियावर वाचलेले अनुदान स्फुरद-पालाशला आणि सेंद्रिय खताला मिळावे. आणि उसाच्या पट्ट्यात शेतीची वीज दिवसा द्यावी. दुसऱ्या मागणीचा हवामानाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर त्यांना वरची बापूंची गोष्ट वाचायला द्यावी.

शाळा काय करू शकते? नायट्रस ऑक्साइड मोजण्याची साधने आमच्या प्रयोगशाळेत नाहीत आणि येणारही नाहीत. पण उडणारा नत्र पकडता आला नाही तरी झिरपणारा पकडता येतो. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातले नायट्रेट दाखवणाऱ्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असे भारतीय मानक आहे. दोन्ही गळती एकाच पोत्याच्या आहेत. लहान बाळ असलेल्या घराला तर हा आकडा माहीत असलाच पाहिजे, कारण जास्त नायट्रेटने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

दुसरे काम भाषेचे आहे. माती तपासून आणल्यावर हाती पडणारा कागद बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. तो घरातल्या कोणाला नीट वाचता येत नाही आणि कपाटावर पडून राहतो. भाषेच्या प्रश्नावर या वार्तापत्राची भूमिका सगळ्यांना ठाऊक आहे, ती इथे पुन्हा मांडत नाही. पण आमची मुले शाळेत कन्नडही चांगले शिकतात, आणि त्या शिकण्याचा उपयोग आजोबांना त्यांच्याच रानाचा कागद वाचून दाखवण्यासाठी होत असेल तर त्यात कमीपणा कसला? आमच्या कन्नडच्या बाईंनी 'सारजनक' म्हणजे नत्र, 'रंजक' म्हणजे स्फुरद, असा शब्दांचा छोटा तक्ता वर्गात लावलाही आहे.

तेव्हा पालकांना विनंती अशी. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांबरोबर आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत भरून पाठवावे. बाटलीवर नाव नको, फक्त रानाचे नाव, शेवटचा युरिया टाकल्याची तारीख आणि एकरी पोती, एवढेच खरे खरे लिहावे. मातीचा जुना कागद कपाटावर असेल तर तोही धूळ झटकून पाठवावा. वाचून, मराठीत उतरवून, सोमवारी परत देऊ.